पस्तीस पूर्णांक चार

कसबा पेठ, पुणे
बुधवार, १२ जुलै १९६७

चि. सौ. मेहरुन हिस,

आशीर्वाद. एरवी त्याच्या आधी 'अनेक' लिहितो. या खेपेला एकावर भागव.

काल सकाळी अकराच्या सुमारास तुझ्या आरोग्य खात्याच्या कचेरीतले निरीक्षक यज्ञेश्वरराव दोन शिपायांना घेऊन बेकरीत आले. भट्टीच्या दाराला सुतळी बांधली, तिच्यावर लाखेचा शिक्का मारला आणि गेले. आमच्या गल्लीत जूनपासून विषमज्वर आहे, हे तुला ठाऊक आहेच. तो माझ्या टोस्टांतून पसरला, असा त्यांचा शोध. टोस्टात जंतू सापडले का, असे मी विचारले. टोस्ट तपासण्याची आवश्यकता भासली नाही, संख्याशास्त्राने ते सिद्ध झाले आहे, असे उत्तर मिळाले. आतले ट्रे तरी काढू द्या म्हटले, तर तेही नाही. माल आतल्या आत करपला. वास दुपारपर्यंत गल्लीभर होता.

दुकानाच्या फळीवर एक कागद डकवला आहे. अकरा ऑगस्टच्या आत समाधानकारक खुलासा न आल्यास परवाना रद्द. ही भट्टी माझ्या वडिलांनी बांधली त्याला एकोणचाळीस वर्षे झाली. आता जाणारा येणारा थांबून तो कागद वाचतो आणि मग माझ्याकडे असा बघतो, की मी त्याच्या मुलाबाळांना विष चारत होतो.

कागदाच्या तळाशी एक तक्ता आहे, तक्त्याखाली '३५.४' असा आकडा आहे आणि आकड्याखाली तुझी सही आहे. नाव वाचायच्या आधीच मी सही ओळखली. तुझे अब्बा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. पिठाच्या परातीशेजारी बसवून तुला पाटीवर नाव गिरवायला मी शिकवले. त्यातल्या 'म'ला अजून तीच गाठ आहे. ज्या भट्टीच्या जिवावर तू कॉलेज शिकलीस, तिच्यावरच ती सही येऊन बसावी, याचे मला जेवढे वाईट वाटले तेवढे शिक्क्याचे वाटले नाही.

येरवडा काही विलायतेत नाही. बसने पाऊण तासात आलो असतो. पण तुझ्या दारात उभा राहून बोलू लागलो तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. कागदावर माणूस जरा सभ्य राहतो.

घरात तुझी मुमानी दोन दिवस जेवलेली नाही. ती सलाम सांगत नाही, पण मी लिहितो आहे हे पाहून शेजारी येऊन बसली आहे.

कळावे. लोभ होता. तो असावा की नाही, हे तुझ्या उत्तरावर.

अल्लाबक्ष


येरवडा, पुणे
शनिवार, १५ जुलै १९६७

ती. मामू यांस,

सलाम आणि सा. न. वि. वि.

पत्र हाती पडले तेव्हा हे कामावरून यायचे होते. मी ते तीनदा वाचले. पहिल्याने रडले, दुसऱ्याने रागावले आणि तिसऱ्याने कागद-पेन घेऊन बसले.

पहिली गोष्ट, मला माहीत नव्हते. माझ्या टेबलावर जो तक्ता आला त्यात फक्त 'बेकरी अ' असे लिहिले होते. गल्लीचे नावही नव्हते. यज्ञेश्वररावांनी घरोघर विचारून आकडे आणले, मी आकडेमोडीचे यंत्र फिरवून गणित केले, सही केली आणि साहेबांकडे पाठवले. रोज असे पाच कागद जातात.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती प्रत्येक ओळीत आहे. माहीत असते तर? मामू, तरीही मी तेच गणित केले असते आणि तोच आकडा लिहिला असता. आकड्यात लबाडी करणाऱ्या माणसाने आरशात पाहू नये, हे मला कोणी शिकवले? वजनाला एक टोस्ट कमी पडला तर दोन घालणाऱ्याने.

ते गणित तुम्हाला समजावे म्हणून लिहिते. गल्लीतल्या एकशे वीस माणसांची चौकशी झाली. चाळीस आजारी, ऐंशी धडधाकट. गेल्या पंधरा दिवसांत 'बेकरी अ'चा टोस्ट खाल्ला होता अशी एकूण छप्पन्न. आता टोस्टाचा आणि तापाचा काहीच संबंध नसता, दोन्ही आपापल्या वाटेने जाणाऱ्या स्वतंत्र गोष्टी असत्या, तर त्या छप्पन्नांपैकी आजाऱ्यांच्या वाट्याला किती आले असते? एक तृतीयांश, म्हणजे अठरा-एकोणीस. प्रत्यक्षात निघाले चौतीस. म्हणजे चाळीस आजाऱ्यांत फक्त सहा टोस्ट न खाणारे. एवढी तफावत नुसत्या योगायोगाने पडू शकते का, हे काय-स्क्वेअर नावाच्या कसोटीवर मोजतात. आकडा चाराच्या आत आला तर योगायोग म्हणून सोडून देतात. दहाच्या पुढे गेला तर शंका उरत नाही. आपला आला पस्तीस पूर्णांक चार. इतका मोठा आकडा मी कचेरीत पाहिलेला नाही.

माझ्याच घराविरुद्ध आला म्हणून मी तो खोटा म्हणू? कचेरीत मी एकटी बाई. 'बेकरी अ' कोणाची हे परवा सर्वांना कळले, तेव्हापासून मामाचा आकडा भाचीने आता किती उतरवायचा, यावर चहाच्या वेळी पैज लागते. मी उतरवणार नाही. दूध कुठून येते, पाणी कुठले, मळणारे हात धुतात का, हे तुम्ही एकदा शांतपणे पाहा. दोष सापडला तर दुरुस्त होईल आणि परवाना वाचेल. एवढेच माझ्या हातात आहे.

मुमानींना जेवायला सांगा. माझ्यावरचा राग पोटावर काढू नये.

लोभ नाही, असे तुम्ही लिहिले नाहीत एवढ्यावरच तूर्त समाधान.

आपली,
मेहरुन


कसबा पेठ, पुणे
मंगळवार, १८ जुलै १९६७

चि. सौ. मेहरुन हिस,

आशीर्वाद.

तुझे पत्र नासिरने मोठ्याने वाचून दाखवले. तो आता लष्कर भागातल्या एका बेकरीत रोजावर जातो. घरची भट्टी असलेला मुलगा परक्याची भट्टी पेटवतो, हेही त्या पस्तीस पूर्णांक चारात धरले आहे ना? नसेल तर मिळवून घे.

हात धुतात का, असे तू मला विचारतेस! तू वीस वर्षे माझ्या घरात राहिलीस. साबणाची वडी संपली तर पीठ मळणे थांबायचे, हे विसरलीस? आणि टोस्ट दोनदा भाजला जातो, बाई. एकदा पाव होताना आणि एकदा काप करून. त्या धगीत हात घालून पाहा आणि मग सांग, कोणता जंतू तिथून जिवंत बाहेर येतो. तूच वीस वर्षे सकाळ-संध्याकाळ खाल्लेस. तुला एकदा तरी ताप आला? समोरचा संभाजी तांबट रोज चार टोस्ट चहात बुडवून खातो. तो कालही सबंध दिवस पातेली ठोकत होता आणि त्या आवाजाने माझेच डोके उठले होते.

पण मी अडाणी. माझ्याकडे यंत्र नाही. माझे म्हणणे कोणी फळीवर डकवत नाही.

गंमत बघ, जूनच्या शेवटी मला वाटले होते की दिवस पालटले. कधी नाही ती गिऱ्हाइके येत होती. जी घरे वर्षभर माझ्या दुकानाकडे ढुंकून पाहत नाहीत, तिथून माणसे येऊन टोस्टाचा पुडा नेत होती. खप दुपटीवर गेला. मी मूर्ख, मुमानीला म्हणालो की आपल्या हाताची चव अखेर लोकांना कळली. आता कळते की त्याच वेळी माझ्या गळ्यात फास पडत होता.

खुलासा काय लिहू, ते तरी सांग. पस्तीसला खुलासा काय असतो? अकरा तारखेला चोवीस दिवस राहिले.

मुमानी जेवली. तुझ्या सांगण्यावरून नव्हे, भूक लागली म्हणून. असे लिही म्हणाली.

लोभाचे पुढच्या पत्री बघू.

अल्लाबक्ष


कसबा पेठ, पुणे
गुरुवार, २० जुलै १९६७

चि. सौ. मेहरुन हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सरोजिनीबाई. चौथीत तुला त्रैराशिक शिकवले ती. नोकरी संपली तरी दुसऱ्यांच्या वह्या तपासण्याची खोड गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

अल्लाबक्ष यांच्या फळीवरचा तुझा तक्ता मी चष्मा पुसून वाचला. मग घरी येऊन पाटीवर पुन्हा मांडला. गणित बरोबर आहे. पूर्ण गुण. उदाहरण चुकीचे घेतले आहेस, त्याचे शून्य.

काल तुझ्या मामांनी मला तुझे पत्र दाखवले. ते वाचताना माझ्या एक लक्षात आले. टोस्ट हा पदार्थ तुला कळतच नाही. तुझा दोष नाही. तू बेकरीत वाढलीस. पोळी-भाकरी असावी तसा तुझ्या घरात टोस्ट होता. आमच्या घरांत तो औषधाच्या बाटलीबरोबर येतो. धडधाकट माणसाला आमच्याकडे कोणी टोस्ट देत नाही. मागितला तर अंगाला हात लावून पाहतात. या गल्लीतून कोणी टोस्टाचा पुडा घेऊन जाताना दिसले, की ओट्यावरून पहिला प्रश्न येतो की कोण आजारी आहे. पन्नास वर्षे मी हा प्रश्न ऐकते आणि स्वतःही विचारते.

माझ्या सुनेचे, प्रेमलाचे, उदाहरण घे. तिला सव्वीस जूनला, सोमवारी ताप भरला. मंगळवारी डॉक्टर म्हणाले की जड काही देऊ नका, चहा-टोस्टावर ठेवा. मी स्वतः जाऊन पुडा आणला. शनिवारी यज्ञेश्वरराव वही घेऊन आले. आजारी कोण, प्रेमला. पंधरा दिवसांत टोस्ट खाल्ला का, हो. त्यांनी लिहून घेतले आणि ते पुढच्या घरी गेले. केव्हा खाल्ला, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. घरात आम्ही सहा माणसे धडधाकट. आमच्यापैकी कोणी टोस्टाला शिवले नव्हते. तेही त्यांनी लिहून घेतले.

आता तूच सांग, माझी सून टोस्ट खाऊन आजारी पडली, की आजारी पडली म्हणून टोस्ट खाल्ला? आणि हीच गोष्ट जर चौतीसपैकी वीस-पंचवीस घरांत घडली असेल, तर तुझ्या पस्तीस पूर्णांक चाराचे काय करायचे? छत्री धरणारे सगळे भिजलेले दिसले, म्हणून पाऊस छत्रीने पडतो असे मी वर्गात कोणाला लिहू दिले नसते. माझ्याच विद्यार्थिनीने ते लिहून खाली सही करावी याचा मला मनापासून संताप आला आहे. तुझे मामा दिवसभर बंद भट्टीसमोर स्टूल टाकून बसतात. ते बघवत नाही.

तक्ता दुरुस्त कर. उशिरा लिहिलेले उत्तरही मी तपासत असे.

लोभ आहे, म्हणूनच एवढे लिहिले.

सरोजिनी


येरवडा, पुणे
शनिवार, २२ जुलै १९६७

ती. बाई यांस,

कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कॉलेजचे पुस्तक काढले. कसोटी दोन गोष्टींचा संबंध आहे एवढेच सांगते. कोणती आधी आणि कोणती नंतर, ते सांगत नाही. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ते लिहिले आहे. परीक्षेत मी त्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवले होते. आणि मामूंनी तर पत्रात स्वच्छ लिहिले होते की साथ आल्यावर खप दुप्पट झाला. ते वाक्य मी वाचले आणि पुढे गेले. लोक सकाळी उठून टोस्ट खातात, असेच मी जन्मभर समजत आले. आमच्या घरात खात होते ना!

काल साहेबांपुढे गेले. चौकशीत तारीख विचारलेली नाही, म्हणून तक्ता निरर्थक आहे, तो मागे घ्या, असे सांगितले. ते म्हणाले, अहवाल वर गेला आहे, पुन्हा चौकशी करायला माणसे नाहीत. यज्ञेश्वरराव म्हणाले की नमुन्यात तारखेचा रकानाच नव्हता, मग ते कशाला विचारतील? रकाना नव्हता! माणसाची भट्टी बंद करायला दोन शिपाई आणि लाख होती, एक प्रश्न विचारायला रकाना नव्हता. वर साहेबांनी मला समजावले की तुमचे नातेसंबंध लक्षात घेता या प्रकरणात आता तुम्ही बोलू नये हेच बरे. गणित त्यांच्या बाजूचे आले तेव्हा माझे नाते कोणाला आडवे आले नव्हते. मी एवढी चिडले की परत येऊन यंत्राचा दांडा उगीचच दहा वेळा फिरवला.

बाई, मला तारखा हव्या आहेत. एकशे वीसच्या एकशे वीस माणसांच्या. आजाऱ्याला ताप कधी भरला आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत त्याने टोस्ट खाल्ला होता का. धडधाकट माणसांचे आहे तेच राहू द्या, पण पडताळून घ्या. मी आले तर मामासाठी आली म्हणतील आणि मामू गेले तर कोणी दार उघडणार नाही. तुम्हाला नाही म्हणायची गल्लीत कोणाची छाती नाही. तापाची तारीख आठवणीने घेऊ नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घ्या.

शून्य गुण मान्य आहेत. फेरपरीक्षेची परवानगी असावी.

आपली विद्यार्थिनी,
मेहरुन


कसबा पेठ, पुणे
रविवार, ३० जुलै १९६७

चि. सौ. मेहरुन हिस,

आशीर्वाद.

तू माझ्याऐवजी सरोजिनीबाईंना पत्र लिहिलेस याचा राग आला होता. त्यांनी ते वाचून दाखवल्यावर निम्मा गेला. उरलेला जपून ठेवला आहे.

आठ दिवस गल्लीत जे चालले आहे ते तू पाहायला हवे होतेस. पुढे सरोजिनीबाई छत्री टेकीत आणि मागे तुझी मुमानी, काखेत चौकटीची वही. मुमानीला वाचता येत नाही, पण खुणा करता येतात. घरात शिरल्यावर बाई आधी डॉक्टरची चिठ्ठी मागतात. चिठ्ठी नाही म्हटले तर शोधा म्हणतात आणि सापडेपर्यंत बसून राहतात. एकाने रागाने विचारले की तुम्ही कोणत्या खात्याच्या. त्यावर, तू तिसरीत दोनदा बसलास त्या खात्याची, असे उत्तर मिळाले. संभाजी तांबट तर स्वतःहून आला. रोज चार खातो, ताप नाही, माझे नाव मोठ्या अक्षरात लिहा म्हणाला.

दोन-तीन घरांत मुमानीला बाहेर थांबवले. ती थांबली. बाई मात्र तिथल्या तिथे म्हणाल्या, की हिने भाजलेले आजाऱ्याच्या पोटात चालते आणि ही उंबऱ्याच्या आत चालत नाही, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे. मग आत बोलावले. मुमानी मला म्हणाली की इतकी वर्षे या गल्लीत राहते, पण त्या घरांतल्या चुली पहिल्यांदा बघितल्या. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आले नाही.

वही सोबत पाठवतो. बाईंनी एक रकाना आपणहून वाढवला आहे, पाणी कोणत्या नळाचे. वहीत जागा रिकामी राहिलेली त्यांना आवडत नाही म्हणाल्या. गल्लीत नळ दोन, हे तुला माहीत आहेच. वरचा देवळापाशी, खालचा गटाराच्या वळणावर.

आकडा काय येईल ते येवो. जो येईल तोच लिही. तू आरशाबद्दल लिहिलेस, ते मला लागले होते. खरे असल्यामुळे जास्त लागले.

लोभ कमी झाला होता, संपला नव्हता. हे आधी कळवायला हवे होते.

अल्लाबक्ष


येरवडा, पुणे
शनिवार, ५ ऑगस्ट १९६७

ती. मामू आणि मुमानी यांस,

सलाम आणि सा. न. वि. वि.

आधी आकडा. ताप भरण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत टोस्ट खाल्लेले, आजारी चाळिसांपैकी फक्त दहा. आधीच्या चौतिसांतल्या बाकीच्या चोवीस जणांनी पहिला टोस्ट खाल्ला तो अंथरुणात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. धडधाकट ऐंशीपैकी खाणारे बावीस. संबंध नसता तर आजाऱ्यांत दहा-अकरा निघायला हवे होते आणि दहा निघाले. काय-स्क्वेअर शून्य पूर्णांक शून्य नऊ. चाराच्या आत सोडाच, एकालाही शिवत नाही. तुमच्या टोस्टाचा आणि या तापाचा काडीचाही संबंध नाही. हे वाक्य मी कचेरीच्या कागदावर लिहिले आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

मग बाईंचा जास्तीचा रकाना घेतला. आजारी चाळिसांपैकी एकतीस खालच्या नळाचे, धडधाकट ऐंशीपैकी अठ्ठावीस. आकडा एकोणीस पूर्णांक तीन. यावेळी मी आनंदाने उडी मारली नाही. कोणती गोष्ट आधीची, हे अर्धा तास स्वतःला विचारले. पण ताप आला म्हणून कोणी नळ बदलत नाही, मामू. म्हणून गुरुवारी नळ खात्याकडे गेले आणि ते खणायचे कबूल करेपर्यंत बाकावर बसून राहिले. ही बाईंची युक्ती. काल खणले. पाण्याची नळी गटाराला टेकून गेली होती आणि तिथेच कुजली होती. खालचा नळ बंद केला आहे, हे तुम्ही पाहिलेच असेल.

साहेबांनी नवा तक्ता वाचला आणि म्हणाले की पहिला कागद फाइलमधून हळूच काढून घेऊ, गाजावाजा नको. मी नाही म्हटले. पहिला कागद फळीवर डकवला होता, दुसराही फळीवर डकवला जाईल. त्यावर 'पूर्वीच्या तक्त्यात ताप आधी की टोस्ट आधी हे पाहिले गेले नाही, ही चूक माझी' असे लिहून मी सही केली आहे. चूक एकटीची नव्हती, पण दुसरे कोणी सही करायला पुढे आले नाही. यज्ञेश्वररावांना काही विचारणा झाली नाही. मला मात्र शिस्तीचे पत्र मिळाले आहे, विनापरवानगी चौकशी केल्याबद्दल. ते मी जपून ठेवणार आहे. बक्षिसापेक्षा त्याची किंमत मला जास्त वाटते.

दहा तारखेला शिक्का काढतील. मी येऊ का, असे विचारायचा धीर होत नाही.

मामू, मुमानी, मला माफ करा. घराविरुद्ध आकडा लिहिला, त्याची मला लाज नाही. ज्या घरात वाढले त्या घराबाहेर टोस्ट कसा खातात, हे सव्वीस वर्षांत कधी विचारले नाही, याची आहे.

लोभ असावा, असे म्हणायचा हक्क परत मिळावा ही विनंती.

आपली,
मेहरुन


कसबा पेठ, पुणे
रविवार, १३ ऑगस्ट १९६७

चि. सौ. मेहरुन हिस,

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेले यातच धर.

गुरुवारी शिक्का निघाला. यज्ञेश्वररावांनी सुतळी कापली आणि भट्टी सुस्थितीत परत मिळाली, अशा कागदावर माझी सही मागितली. मी दार उघडून त्यांना आतले कोळसे झालेले ट्रे दाखवले आणि सही करण्यापूर्वी विचारले की यासाठी रकाना आहे का. नव्हता. मग मीच एक आखला, त्यात 'करपलेले ट्रे चार' असे लिहिले आणि त्याखाली सही केली. वाईट झाले, असे एका शब्दाने ते म्हणाले नाहीत. जाताना नानकटाई आहे का, एवढे मात्र विचारले. नाही म्हणून सांगितले. बरणी समोरच भरलेली होती, आदल्याच दिवशी नासिरने त्याच्या लष्करातल्या बेकरीतून आणलेल्या मालाची.

तुझा दुसरा कागद फळीवर आहे. पहिला वाचायला गर्दी होती, दुसऱ्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. मी तो रोज वाचतो.

शुक्रवारी भट्टी पेटवली. नासिर घरी परत आला. पहिला घाणा टोस्टाचा काढला, पण गिऱ्हाईक नाही. तुझ्या आणि बाईंच्या कृपेने गल्लीत आता कोणी आजारी नाही. मला वाटले, शास्त्राने मला निर्दोष सोडले आणि उपाशीही ठेवले.

दहाच्या सुमारास सरोजिनीबाई आल्या. एक पुडा घेतला. मी कागदात गुंडाळू लागलो तर नको म्हणाल्या. उघडा पुडा दोन्ही हातांत, छातीपाशी धरून त्या खालच्या नळापासून वरच्या देवळापर्यंत सबंध गल्ली चालत गेल्या. त्यांचे घर तर माझ्या दुकानाला लागून तिसरे. ओट्याओट्यावरून तोच प्रश्न आला, बाई, कोण आजारी आहे? त्या प्रत्येक ओट्यापाशी थांबल्या आणि प्रत्येकाला तेच उत्तर दिले, "कोणी नाही. सगळे बरे आहेत, म्हणून नेते आहे."

दुपारपर्यंत अकरा पुडे गेले. त्यातले तीन त्या घरांत, जिथे मुमानीला बाहेर थांबवले होते. हे मोजून कसोटीला लाव, असे मी म्हणत नाही.

तू येऊ का असे विचारलेस, त्याचा मुमानीला फार राग आला. माहेरी यायला विचारतात का, असे लिही म्हणाली. जावयाला, अय्युबला, घेऊन ये. तोवर या पत्रासोबत नासिरच्या हाती एक पुडा पाठवतो आहे. तुला ताप नाही ना, याची आधी खात्री करून घे, असे त्याला बजावले आहे. बरी असतानाच खा.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढावा.

तुझा,
मामू